प्लेगच्या लशीचा जनक, संशयाचा धनी : डॉ. वाल्देमार हाफकिन

प्रतिनिधी

वसई : २०२१ सालच्या उन्हाळ्यात वसई-विरार शहरात कोरोनाच्या लशीसाठी पहाटेपासून रांगा लागत होत्या आणि साठा संपल्याने अनेकांना रिकाम्या हाताने परतावे लागत होते. त्याच पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील आदिवासी पाड्यांवर मात्र लशीविषयीच्या अफवांमुळे लोक पुढे येण्यास कचरत होते. कोणी म्हणे लस घेतली की माणूस दगावतो, कोणी म्हणे मूलबाळ होत नाही. आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्त्या घरोघर समजूत घालत हिंडत होत्या. हे चित्र पाहून अनेकांनी खेद व्यक्त केला, काहींनी हसण्यावारी नेले. परंतु साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी खुद्द मुंबई शहराने, त्यातील सुशिक्षितांनीही, एका लशीकडे याच नजरेने पाहिले होते. ती लस ज्याने तयार केली तो मनुष्य ना इंग्रज होता, ना भारतीय. ना त्याच्याजवळ वैद्यकाची पदवी होती. लोकांचा विश्वास त्याने एकेक करून मिळवला आणि पुढे सरकारनेच त्याच्यावर अविश्वास दाखवला. परळच्या हाफकिन संस्थेला ज्याचे नाव आहे, त्या डॉ. वाल्देमार हाफकिन यांची ही जीवनकहाणी आहे.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा येथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे त्यांना गुरू लाभले ते इल्या मेचनिकोव्ह. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना कशा गिळतात हे दाखवून देणारे आणि त्यासाठी १९०८ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले हेच ते शास्त्रज्ञ.

तो काळ झारशाहीच्या दडपशाहीचा होता. विद्यार्थिदशेतच हाफकिन क्रांतिकारकांच्या वर्तुळात ओढले गेले. १८८१ साली झारची हत्या झाल्यानंतर दक्षिण रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा ओडेशात स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये तेही होते. या धुमश्चक्रीत ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकोव्ह यांच्या रदबदलीमुळे त्यांची सुटका झाली. पुढे विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्यासाठी धर्मांतर करून रशियन ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारण्याची अट आडवी आली. हाफकिन यांनी ती नाकारली आणि काही वर्षे ओडेशातील प्राणिशास्त्रीय संग्रहालयात काम करून १८८८ साली देश सोडला.

जिनिव्हात वर्षभर शिकवल्यानंतर १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर संस्थेत आले. मेचनिकोव्ह तेथे आधीच स्थिरावले होते. मात्र संशोधकाची जागा रिकामी नव्हती. म्हणून जगभर नाव झालेल्या त्या संस्थेत हाफकिन यांनी साहाय्यक ग्रंथपालाची नोकरी पत्करली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे, असा त्यांचा क्रम होता.

पटकीची लस आणि पहिली टोचणी

त्यांनी हाती घेतलेला रोग पटकी, म्हणजेच कॉलरा हा होता. जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात असे अनेकदा नेऊन त्यांनी त्यांची मारकशक्ती वाढवली. उष्णतेच्या साहाय्याने त्याच जंतूंची दुसरी, दुबळी जातही तयार केली. आधी दुबळ्या जंतूंची आणि काही दिवसांनी प्रखर जंतूंची टोचणी, अशी ही दुहेरी पद्धत होती. प्राण्यांवर ती यशस्वी ठरल्यावर माणसाची पाळी आली. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. थोडा ताप आला, टोचलेल्या जागी दुखले आणि काही दिवसांत सारे शमले. त्यानंतर त्यांचे काही रशियन मित्र पुढे आले.

त्याच वर्षी रशियात पटकीने थैमान घातले होते. आपली लस मायदेशी वापरली जावी ही त्यांची इच्छा होती, पण झारच्या सरकारने दाद दिली नाही. त्या सुमारास पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत म्हणून लॉर्ड डफरिन होते. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय राहिलेल्या डफरिन यांना या देशातील पटकीची भीषणता ठाऊक होती. त्यांनी हाफकिन यांना हिंदुस्थानची वाट दाखवली. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

येथील सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्यांचे स्वागत फारसे उत्साहाने केले नाही. रशियातून आलेला, वैद्यकाची पदवी नसलेला हा प्राणिशास्त्रज्ञ त्यांना परका वाटला. रशिया आणि ब्रिटन यांच्यातील तेव्हाच्या वैरामुळे हा हेर तर नसेल ना, अशीही कुजबुज झाली. एप्रिलमध्ये आग्र्यापासून हाफकिन यांनी टोचणीस प्रारंभ केला आणि दोन-सव्वादोन वर्षांत उत्तर हिंदुस्थानातील चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस दिली.

टोचून घेणारे बहुतेक लोक सैनिक, कैदी आणि चहामळ्यातील मजूर होते. खरी कसोटी शहरातील गरीब वस्तीत लागायची होती. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी डॉ. सिम्पसन यांच्या निमंत्रणावरून हाफकिन तेथील काठाल बागान वस्तीत गेले. तिथल्या तळ्याच्या पाण्यात त्यांना पटकीचे जंतू सापडले. वस्तीतील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. पुढील काळात त्या वस्तीत आणखी दहा जणांना पटकी झाली, त्यांतील सात दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या लोकांमधला हा फरक कोणालाही समजण्यासारखा होता. हाफकिन यांनी पुढे आयुष्यभर हीच रीत धरली. टोचलेले आणि न टोचलेले लोक एकाच ठिकाणचे असावेत, त्यांची मोजदाद नीट व्हावी आणि ते आकडे सर्वांसमोर मांडावेत, असा त्यांचा आग्रह असे.

मांडवीत प्लेग शिरला

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात विचित्र तापाचे रुग्ण आढळू लागले. जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि काही दिवसांत रोगी दगावे. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. चीनच्या युनान प्रांतातून निघालेली ही साथ १८९४ साली हाँगकाँगला पोहोचली होती आणि आता बोटींमधून जगभरच्या बंदरांत पसरत होती. पुढील तीन-चार दशकांत एकट्या हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

प्लेगचे जंतू हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी नुकतेच शोधले होते, पण रोग पसरतो कसा हे तोपर्यंत उमगले नव्हते. उंदरांवरील पिसवांचा त्यातील वाटा फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखवला, आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे सरकारला एकच मार्ग दिसत होता. रोगी हुडकायचा, त्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत ठेवायचे आणि घर धुऊन, खणून, प्रसंगी सामान जाळून शुद्ध करायचे.

मुंबईकरांनी याला पळून जाऊन उत्तर दिले. १८९१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत त्यांतील जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले, असे त्या वेळचे अंदाज सांगतात. कोकणच्या बोटी आणि दोन्ही रेल्वेमार्गांच्या गाड्या भरभरून जात होत्या. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि विरारपासून मुंबईपर्यंत लोकल गाडी धावू लागल्यालाही तीन दशके होत आली होती. ज्या मार्गाने आज वसई-विरारचा नोकरदार रोज मुंबईला जातो, त्याच मार्गाने तेव्हा भेदरलेली मुंबई उत्तरेकडे बाहेर पडत होती. माणसांबरोबर रोगही गावोगाव गेला.

एक खोली आणि एक पडवी

सरकारच्या विनंतीवरून हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्यालगतची पडवी मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर जगातील पहिली प्लेगची लस तयार करायची होती. कामाचा ताण असा होता, की एका मदतनिसाची प्रकृती ढासळली आणि इतर दोघे काम सोडून गेले. हाफकिन मात्र थांबले नाहीत.

मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवताना त्यांनी वर तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या त्या तवंगाला धरून जंतूंचे पुंजके झुंबरासारखे खाली लोंबू लागले आणि त्यांची वाढ झपाट्याने झाली. मग ते जंतू सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअस उष्णतेने मारून त्यात कार्बोलिक ॲसिड मिसळले जाई. पटकीच्या लशीत जंतू जिवंत होते, या लशीत ते मेलेले होते. गोमांस आणि डुकराचे मांस येथील लोकांना चालणार नाही हे ओळखून हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाचा अर्क वापरला. लोकांच्या श्रद्धेला धक्का लागू नये याची ही काळजी प्रयोगशाळेच्या आत, नळीपासूनच घेतली गेली होती.

सशांवरील प्रयोग यशस्वी झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी कॉलेजात ही लस स्वतःला टोचून घेतली. नंतर लोकांना जी मात्रा दिली गेली, तिच्या तिपटीहून अधिक मात्रा त्यांनी घेतली होती. सडकून ताप भरला आणि टोचलेली जागा सुजली, पण ते कामावर जात राहिले. त्यानंतर कॉलेजातील डॉक्टर आणि शहरातील काही प्रतिष्ठित नागरिकांनी लस घेतली.

त्या महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तेथील कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस देण्यात आली. साधारण निम्मे कैदी पुढे आले. पुढील दिवसांत न टोचलेल्या कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना रोग झाला, दोघेही वाचले. बंदिवानांची संमती कितपत मोकळी मानावी, हा प्रश्न आज निश्चित विचारला जाईल. त्या वेळी मात्र या आकड्यांनी लशीला पहिली ओळख मिळवून दिली.

विरोध नेमका कशाला होता?

प्रयोगशाळेबाहेरचे वातावरण याच काळात तापत चालले होते. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती. बहुतेक रोगी अखेरच्या अवस्थेत तेथे पोहोचत, त्यामुळे ती खात्री अनुभवानेच पक्की होई. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या शरीरातून औषधी तेल काढतात अशी अफवा होती. राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचा सूड सरकार प्रजेवर उगवत आहे, असेही बोलले जाई.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि सरकारच्या हाती अमर्याद अधिकार गेले. पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. देवघरे आणि माजघरे तुडवली गेली, स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून विणकरांची वस्ती खवळली आणि दंगल शहरभर पसरली. दुसऱ्या बाजूला, सरकारी जुलमाची वाट न पाहता रोग्यांसाठी धावणारी माणसेही याच महाराष्ट्रात होती. पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला.

अशा वातावरणात हाफकिन यांची सुई लोकांपुढे आली. झडती घेणारे सरकार आणि लस देणारे सरकार एकच होते. मग सुईत विष नाही कशावरून, ही शंका अडाणीपणाची म्हणून उडवून लावता येत नाही. लशीमुळेच प्लेग होतो, पुरुषत्व जाते, धर्म बुडतो असे नाना प्रवाद उठले. शिवाय टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येई आणि हात उचलवत नसे. रोजावर पोट असलेल्या हमालाला किंवा गिरणी कामगाराला तेवढे दिवस घरी बसणे परवडणारे नव्हते.

या शंकांवरचा उतारा हाफकिन यांच्या दृष्टीने समजावणी हाच होता. समाजात ज्यांचा शब्द मानला जातो, अशा माणसांनी सर्वांसमोर लस घ्यावी असा त्यांचा प्रयत्न असे. खोजा जमातीचे तरुण प्रमुख आगाखान यांचे वय तेव्हा अवघे १९ होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे तर अनेकदा. त्याचा परिणाम लगेच दिसला. मुंबईतील खोजांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी लस घेतली. पुढे आगाखानांनी माझगावातील आपला खुश्रू लॉज हा बंगलाही प्रयोगशाळेसाठी दिला.

दमण आणि उंढेरा

१८९७ सालीच वसई-विरार आणि डहाणूच्याही उत्तरेला, याच किनाऱ्यावरील दमणमध्ये प्लेग पसरला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, पण दमण त्यांच्याकडेच राहिले होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या संमतीने हाफकिन यांची लस तेथे देण्यात आली. एकूण २,१९७ लोकांनी ती घेतली आणि ६,०३३ जणांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांपैकी १,४८२ माणसे प्लेगने मेली, म्हणजे जवळजवळ दर चौघांत एक. लस घेतलेल्यांपैकी मेली ती ३६, म्हणजे शंभरी दोनसुद्धा नाहीत.

तरीही टीकाकारांची एक हरकत उरत होती. लस घेणारे लोक मुळातच सुस्थितीतले, स्वच्छ घरांत राहणारे असतील तर? तिचे उत्तर फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी मिळाले. तेथे प्लेग आधीच शिरला होता. हाफकिन यांनी गावातील प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. घर एक, चूल एक, उंदीरही तेच. काही आठवड्यांनी मोजदाद झाली, तेव्हा या कुटुंबांतील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला होता आणि त्यांतील २६ मेले होते. टोचलेल्या ७१ जणांपैकी आठ जणांना रोग झाला आणि तीन मेले.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा पुरावा फार मोलाचा ठरला. पण त्या २६ जणांमध्ये कोणाची आई होती, कोणाचा भाऊ होता, आणि त्याच घरातील टोचलेली माणसे मागे राहिली होती. लस उपयोगी आहे हे सिद्ध करण्यासाठी ती काहींना द्यायची नाही, हा पेच आजही प्रत्येक चाचणीत उभा राहतो. उंढेऱ्याने त्याची किंमत उघड्या डोळ्यांनी दाखवून दिली.

सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने या लशीची उपयुक्तता मान्य केली. लशीने रोग होण्याचे प्रमाण घटते आणि मृत्यूचे त्याहूनही घटते, असा निष्कर्ष निघाला. सक्तीच्या झडत्यांनी फारसे साधत नाही हेही सरकारला कळून चुकले होते. त्यानंतर झडत्या आणि सक्तीचे विलगीकरण सैल होत गेले आणि लस ऐच्छिक ठेवण्याचे धोरण रुळले.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी या वाड्यात पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार हिल जवळ केली होती. ज्या वाड्यातून पटकीने राज्यकर्त्यांना हुसकावले, त्याच वाड्यात पटकीची पहिली परिणामकारक लस शोधणारा शास्त्रज्ञ संचालक म्हणून आला. येथून लाखो मात्रा देशभर आणि परदेशी जाऊ लागल्या.

मलकोवालची बाटली

पंजाबात १९०२ साली मोठ्या प्रमाणावर लस देण्याची मोहीम आखली गेली. मागणी इतकी होती, की परळला रात्रंदिवस काम चाले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना आठवड्याभरात धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. तिचा क्रमांक होता ५३-एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही काही झाले नव्हते.

सरकारने मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. लस लवकर आणि जास्त तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी पूर्वीची कार्बोलिक ॲसिड मिसळण्याची रीत सोडून केवळ उष्णतेवर भर दिला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही पद्धत रूढ होती. पण ब्रिटिश अधिकाऱ्यांना ती अपरिचित होती. बाटली परळलाच दूषित झाली असावी, असा आयोगाचा कल झाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते लंडनला गेले.

चौकशीच्या कागदपत्रांत मात्र एक गोष्ट नोंदलेली होती. मलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी आली नव्हती. आठवडे आधी ती परळला दूषित झाली असती, तर तसा वास येण्याची शक्यता मोठी होती. तरीही अहवाल वर्षानुवर्षे प्रसिद्धच झाला नाही, त्यामुळे हाफकिन यांना बाजू मांडायलाही वाव मिळेना.

अखेर कागदपत्रे बाहेर आल्यावर शास्त्रज्ञ एकवटले. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे सिद्ध करणारे, हिंदुस्थानातच जन्मलेले नोबेलविजेते सर रोनाल्ड रॉस यांनी पुढाकार घेतला. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. आयोगाचा निष्कर्ष पुराव्यास धरून नाही, असे त्यात ठामपणे मांडलेले होते. फ्रान्समध्ये खोट्या आरोपाखाली शिक्षा भोगलेल्या ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफस याच्या प्रकरणाशी अनेकांनी या घटनेची तुलना केली. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले.

न्याय मिळाला, पण मोडलेली घडी पुन्हा बसली नाही. परळची जागा दुसऱ्याकडे गेली होती. हाफकिन हिंदुस्थानात परतले ते कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत, आणि तेथे नव्या लशींच्या चाचण्या करण्याची त्यांना मुभा नव्हती. ऐन उमेदीची वर्षे अशी गेली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त होऊन त्यांनी हा देश सोडला. मलकोवालच्या बातमीने पंजाबातील मोहीम थंडावली होती. लोकांच्या मनात पुन्हा शिरलेली भीती दोषमुक्तीच्या सरकारी पत्राने निघणारी नव्हती. जी साथ पंजाबात त्यानंतर पसरली, तिने लाखो माणसे नेली. एका बाटलीतील दोषापेक्षा त्या दोषाची चौकशी पाच वर्षे झाकून ठेवल्याने झालेले नुकसान मोठे होते, असे मागे वळून पाहताना वाटते.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर हाफकिन फ्रान्समध्ये आणि १९२८ पासून स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहिले. त्यांनी लग्न केले नाही. तरुणपणी केवळ जन्माने ज्यू असलेला हा मनुष्य उत्तरायुष्यात धर्मपरायण झाला. आपली बरीचशी मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांसाठी न्यासाच्या रूपाने ठेवली. त्या पाठशाळांत विज्ञान आणि एखादा हुन्नरही शिकवला जावा, अशी त्यांची इच्छा होती. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी पाच वर्षे, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. ज्या दारातून त्यांना बाहेर पडावे लागले, त्यावर आपले नाव लागल्याचे समाधान त्यांना हयातीत लाभले. १९३२ साली साहिबसिंग सोखी हे या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६४ साली भारतीय टपाल खात्याने हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

२०२१ मध्ये याच नावाच्या शासकीय महामंडळाला कोरोनाची कोव्हॅक्सिन लस तयार करण्याची परवानगी मिळाली, तेव्हा हाफकिन हे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत झळकले. पण ते आणखी एका ठिकाणीही आठवायला हवे होते, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर. तेथील लोक लशीला नकार देतात म्हणजे ते विज्ञानाचे शत्रू आहेत, असा समज शहरात बसून सहज करून घेता येतो. एरवी वर्षभर दवाखान्यात डॉक्टर नसतो, रुग्णवाहिका वेळेवर येत नाही आणि एके दिवशी अचानक सरकारी गाडी लस घेऊन दारात उभी राहते, तेव्हा दारामागचा माणूस बिचकणारच. अशा ठिकाणी ज्या मोहिमा पुढे सरकल्या, त्या गावच्या सरपंचाने, शिक्षकाने, भगताने किंवा आशाताईने आधी स्वतःचा दंड पुढे केल्यावर. सव्वाशे वर्षांपूर्वी आगाखानांनी आणि त्याहीआधी खुद्द हाफकिन यांनी हेच केले होते.

विरारहून निघालेल्या लोकलने प्रभादेवीला उतरून पूल ओलांडला, की परळच्या आचार्य दोंदे मार्गावर तो जुना वाडा आजही उभा आहे. आजूबाजूच्या इस्पितळांत वसई-विरारचे, पालघरचे कितीतरी रुग्ण रोज येतात. वाड्यावर ज्याचे नाव आहे तो माणूस या शहरात अवघी काही वर्षे राहिला. पण साथीच्या काळात माणसाचा दंड त्याच्या मर्जीने पुढे यावा लागतो आणि चूक झालीच तर ती लपवायची नसते, हे दोन धडे मुंबईला त्याच्या आयुष्यातून मिळाले. त्यांतला पहिला धडा आपण बऱ्याच अंशी गिरवला आहे. दुसऱ्याची उजळणी प्रत्येक साथीत नव्याने करावी लागणार आहे.